न फिरवल्यामुळे

'हौशे, नवशे आणि गवशे' अशी जत्रेला येणाऱ्यांची वाटणी आपल्या भाषेने फार पूर्वीच करून ठेवली आहे. नवशाला देवाचे कारण असते, गवशाला मिळकतीचे. हौशाला मात्र सांगण्याजोगे कारणच नसते. म्हणून या तिघांत तोच सर्वांत बिनभरवशाचा मानला जातो. आला तर आला, नाही तर नाही. प्रस्तुत लेख या हौशाची बाजू घेण्यासाठी लिहिला आहे. त्याच्याविरुद्ध बोलणाऱ्यांपेक्षा त्याच्या बाजूने बोलण्याचा आव आणणाऱ्यांशीच यातले भांडण अधिक आहे.

चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याने भूगाव, पिरंगुट करत मुळशीकडे जाऊ लागले की भातखाचरांच्या आणि बंगल्यांच्या अधूनमधून घोड्यांचे तबेले दिसतात. रविवारी सकाळी तिथे येणाऱ्यांत हिंजवडीत संगणकासमोर आठवडा काढणारे असतात, डॉक्टर असतात, निवृत्त बँक अधिकारी असतात, मुलांना शिकवायला आणून स्वतःच रिकिबीत पाय घालून पाहणाऱ्या चाळिशीतल्या स्त्रियाही असतात. यांतल्या कित्येकांचे पुढे जे होते ते ठरलेले आहे. पहिला महिना उत्साहाचा, दुसरा मांड्या आणि कंबर दुखण्याचा. तिसऱ्या महिन्यात एकदा घोडा बुजतो किंवा स्वार पडतो, आणि मग रविवारी दुसरी कामे निघू लागतात. विचारले की उत्तर येते, 'आत्मविश्वास गेला हो.'

या उत्तरावर तोडगा सांगणाऱ्यांची आज उणीव नाही. भीती मनातून काढून टाका, घोड्याला तुमची भीती कळू देऊ नका, ध्येय ठरवा, पडलात तर त्याच क्षणी पुन्हा बसा. आणि हे सगळे कमी पडले तर शेवटचा हुकमाचा एक्का: अहो, तुम्ही मराठी माणसे, घोडा तर तुमच्या रक्तातच आहे! माझे म्हणणे असे की यांतला प्रत्येक उपदेश चुकीचा आहे, आणि काही तर धोक्याचे आहेत.

रक्तापासून सुरुवात करू. ज्या मुळशीत उभे राहून हे वाक्य टाकले जाते तो मुलूख पौड, मुठे, मोसे या मावळखोऱ्यांचा. मावळ्यांची ख्याती पायदळाची होती. कडे चढणे, घाट अडवणे, किल्ला राखणे ही त्यांची कामे. शिवछत्रपतींच्या लष्करात घोडदळाचा सरनोबत वेगळा आणि पायदळाचा वेगळा. येसाजी कंकांसारखा मावळातला माणूस पायदळाचा सरनोबत होता. घोडा वाढला तो देशावर, भीमेच्या खोऱ्यातल्या उघड्या माळावर, जिथली भीमथडी ही जात अलीकडे अधिकृत देशी जात म्हणून नोंदली गेली आहे. तेव्हा मुळशीच्या मातीचा दाखला द्यायचाच तर तो पायी चालणाऱ्यांचा द्यावा लागेल. घोडदळातही घोडा कोणाच्या रक्तात नव्हता, तो पागेत होता. सरकारी घोड्यावर बसणारे पंचवीस बारगीर, त्यांच्यावर एक हवालदार, आणि तेवढ्यांसाठी पाणी वाहणारा एक पखालजी व एक नालबंद, अशी ती रचना होती. पराक्रमाचा हिशेब मांडताना पाण्याची पखाल आणि खुराची नाल त्याच कागदावर लिहिणाऱ्या माणसांचे वारस म्हणवून घ्यायचे आणि आपल्या घोड्याची नाल केव्हा बदलली हे ठाऊक नसायचे, याला काय म्हणावे?

रक्ताच्या गोष्टीने आणखी एक नुकसान होते. जे रक्तात आहे ते शिकावे लागत नाही. आणि ते आले नाही तर दोष थेट आपल्या असण्यावर येतो. पुतळ्यांकडे पाहून मोठा झालेला माणूस दुडक्या चालीत खोगिराला दोन्ही हातांनी चिकटून बसतो, तेव्हा त्याला नुसती भीती वाटत नाही, लाज वाटते. लोक घोडा सोडतात ते बहुधा भीतीमुळे नाही, या लाजेमुळे.

आता भीतीकडे वळू. 'घोड्याला कळू देऊ नका' हा सल्ला देणाऱ्याने घोडा नीट पाहिलेला नसावा. घोडा हे शिकार होणारे जनावर आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सभोवार दिसते. नाकासमोरचा आणि शेपटीमागचा थोडासा भाग तेवढा त्याला आंधळा. पाठीवर बसलेल्या माशीने तो कातडी थरथरवतो, मग सत्तर किलोच्या माणसाचे आवळलेले गुडघे त्याला कळणार नाहीत? 2009 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना घोडा एका ठरलेल्या वाटेने काही वेळा न्यायला सांगितले आणि शेवटच्या फेरीआधी सांगितले की या खेपेला वाटेत एक छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. पण माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्याबरोबर घोड्याचेही. छत्री माणसाच्या मनात होती, घोडा माणसाला पाहून सावध झाला.

यावर कोणी म्हणेल की म्हणूनच तर आत्मविश्वास हवा! पण मुद्दा नेमका उलट आहे. जी गोष्ट लपवता येत नाही, ती लपवायला शिकवणे म्हणजे शिकाऊ माणसाला अधिक आवळायला लावणे. शिकवणीच्या घोड्यांत शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे पुष्कळ असतात. धावताना लगामावर रेलायची सवय त्यांच्यातल्या अनेकांना मैदानावर लागलेली असते. घाबरलेला स्वार लगाम घट्ट ओढून धरतो, घोडा त्या ताणावर रेलतो आणि वेग वाढवतो. स्वार आणखी ओढतो. बाहेरून पाहणारा म्हणतो घोडा उधळला. वस्तुतः दोघेही आपापल्या शिकवणीप्रमाणे अगदी नीट वागत असतात. इथे 'हिंमत धर' म्हणून काही होत नाही. श्वास सोडणे, हात सैल करणे, घोडा वर्तुळावर घेणे, चालीवर आणणे याने होते. या शरीराच्या गोष्टी आहेत. त्या शंभरदा केल्यावर येतात आणि त्या आल्या की मनाला वेगळे काही सांगावे लागत नाही. भीती राहतेच. ती हातापर्यंत पोहोचत नाही, इतकेच.

'पडलात की लगेच बसा' हे तर निव्वळ बेजबाबदारपणाचे वाक्य आहे. डोके आपटले असण्याची शंका असेल तर त्या दिवशी पुन्हा खोगिरावर चढू नये, हे आज वैद्यकात सर्वमान्य आहे. मी स्वतः पडलो तेव्हा चाळिशी उलटली होती. कुंपणाबाहेर निळ्या ताडपत्रीचा कोपरा वाऱ्याने फडफडला, घोडा बाजूला सरकला आणि मी जिथे होतो तिथेच राहिलो, फक्त खाली घोडा नव्हता. शिरस्त्राण होते म्हणून हे लिहितो आहे. भोवतालच्या सर्वांनी टाळ्या वाजवून मला पुन्हा बसवले, आणि आपण शूर आहोत हे सिद्ध करण्यासाठी मी बसलोही. त्यानंतर चार आठवडे मी तिकडे फिरकलो नाही. मला परत नेले ते शौर्याने नव्हे. तिथे घोड्यांचे करणाऱ्या मुलाचा निरोप आला की घोड्याला खरारा करायला माणूस कमी आहे, यायचे तर या, बसू नका.

खरारा करताना जे समजते ते पाठीवरून समजत नाही. हा घोडा पोटाच्या डाव्या बाजूला हात लावला की कान मागे टाकतो. त्याच्या आंधळ्या कोपऱ्यातून न बोलता गेलो तर दचकतो. तोबरा येण्याच्या वेळी त्याला दुसरे काही सुचत नाही. ताडपत्री हा त्याचा दोष नव्हता, त्याचा स्वभावही नव्हता. ती त्याने आधी पाहिलेली नव्हती, एवढेच. पुढच्या पंधरा दिवसांत आम्ही दोघे त्या ताडपत्रीपाशी रोज थोडे अधिक जवळ जाऊन उभे राहिलो, लगाम हातात, पाय जमिनीवर. विश्वास बसला तो असा. त्यात 'आत्म' फारसा नव्हता. तो माझ्यावरचा नव्हता, त्याच्यावरचाही पुरता नव्हता; आमच्या दोघांच्या दरम्यान कुठेतरी तो होता.

'आत्मविश्वास' या शब्दावरच माझा आक्षेप आहे तो यासाठी. गाडी चालवणाऱ्याला, भाषण करणाऱ्याला तो शब्द शोभेल. घोडेस्वाराच्या हातात निम्माच कारभार असतो. लिस हार्टेल या डेन्मार्कच्या स्वार स्त्रीचे नाव प्रेरणेच्या व्याख्यानांत हमखास घ्यावे असे आहे. 1944 साली तिला पोलिओ झाला, गुडघ्यांखालचे पाय कायमचे लुळे राहिले, आणि 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये तिने ड्रेसाजमध्ये रौप्यपदक मिळवले. 1956 मध्ये पुन्हा. यातून 'इच्छाशक्तीपुढे अशक्य काही नाही' असे तात्पर्य काढणे सोपे आहे. पण तिला घोड्यावर चढायला आणि उतरायला शेवटपर्यंत मदत लागत असे. तिच्या इच्छाशक्तीने पाय परत आले नाहीत. पायांविना, केवळ बैठकीच्या आणि वजनाच्या हालचालींनी बोलण्याची एक भाषा तिने घडवली, आणि ज्युबिली नावाच्या तिच्या घोडीने ती शिकून घेतली. अर्धे पदक घोडीचे आहे हे व्याख्यानात सांगितले जात नाही, कारण घोडी व्याख्यानाला पैसे भरून येत नाही.

राहता राहिले ध्येय. अमुक महिन्यांत उडी, तमुक महिन्यांत स्पर्धा, मग प्रमाणपत्र. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतीय ड्रेसाज संघाने 1982 नंतरचे या खेळातले पहिले सुवर्ण मिळवले, तेव्हा अनेकांना घोडा आठवला. आनंदच आहे. पण त्या खेळाडूंनी युरोपात राहून वर्षानुवर्षे केलेला सराव आणि आठवड्यातून एक तास बसणाऱ्याचे ध्येय यांना एका मापाने मोजणे ही हौशाची थट्टा आहे. ध्येयवाद्याचे घोडे पावसाळ्यात अडते. मुळशी म्हणजे ताम्हिणीचा शेजार. जूनपासून मैदानाचा चिखल होतो, आठवडेच्या आठवडे दौड बंद असते. ज्याने वेगात आणि उडीत प्रगती मोजली, त्याच्या दृष्टीने हे चार महिने वाया. शिवकालातले चिपळूणकडच्या छावणीतल्या अंमलदारांना गेलेले प्रसिद्ध पत्र इथे आठवते. त्याचा आशय असा की दाणागवत आत्ताच उधळलेत तर ऐन पावसाळ्यात ते मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल. घोडदळ टिकते की नाही हे मोहिमेत नव्हे, छावणीत ठरते, हे त्या पत्राला ठाऊक होते. उत्साहाचेही तसेच आहे. सगळा हिवाळ्यातच उधळणाऱ्याची वैरण आषाढात संपते.

एक आक्षेप मी स्वतःच घ्यायला हवा. ज्या तालुक्यात 1921 ते 1924 या काळात शेतकऱ्यांनी धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी सत्याग्रह केला, ज्याच्या जमिनी पुढे बंगल्यांसाठी विकल्या गेल्या, तिथे शहरातून येऊन आपल्या हौसेच्या मनःस्थितीची चर्चा करावी, हे जरा चैनीचे नाही का? आहे. पण या चैनीचे खरे लक्षण तबेल्यातच दिसते. पहाटे लीद काढणारा, वैरण टाकणारा, घोड्याचा पाय सुजला हे सर्वांआधी ओळखणारा मुलगा शेजारच्या वाडीवरचा असतो. आत्मविश्वास विकत घ्यायला आलेल्यांना, तो ज्याच्याजवळ आहे त्याचे नावही बहुधा ठाऊक नसते. त्याला त्यांनी 'ए' म्हणून हाक मारावी आणि घोड्याशी मात्र संवाद साधायला शिकावे, हे जमणारे नाही. ज्याला माणसाचे नाव विचारावेसे वाटत नाही, त्याला घोड्याचा कान वाचता येणार नाही.

लहानपणी आपण सर्वांनी एक कोडे ऐकलेले असते. भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला? तिन्हींचे उत्तर एकच: न फिरवल्यामुळे. या उत्तरात आत्मविश्वास नाही, प्रेरणा नाही, रक्त नाही, ध्येयही नाही. नुसते फिरवणे आहे. भाकरी फिरवणारी रोज चुलीपुढे बसताना स्वतःला स्फूर्ती देत नाही. वेळ झाली की बसते. हौशाने एवढेच करावे. मैदान चिखलाचे असेल तर घोडा हातात धरून वाटेवर चालवावा. भीती वाटत असेल तर त्या दिवशी चालीच्या पुढे जाऊ नये, आणि तसे शिकवणाऱ्याला मोठ्याने सांगावे. तेही नको असेल तर खरारा करून, हात धुऊन घरी यावे. तो दिवस मोजावा.

नवशाचा नवस फिटला की त्याची जत्रा संपते, गवशाची पिशवी भरली की संपते. हौशाला कारण नव्हते, म्हणून त्याची जत्रा संपवणारे कारणही नाही. बिनभरवशाचा म्हणून ज्याला हिणवले, तोच पुढच्या रविवारी भर पावसात पौड रस्त्याला लागलेला दिसेल. घोडाही दाराशी उभा असेल. त्याची वाट पाहत असेल असे मी म्हणणार नाही. बहुधा तोबऱ्याची.