'चालवून घे'ची किंमत

मेल आपण रोज वाचतो, पण तिच्या डोक्यावर काय लिहिलेलं असतं ते कोण बघतं? मीही बघत नव्हतो. तिसऱ्या वर्षाच्या मिनी प्रोजेक्टला छोटा मेल क्लायंट लिहायला घेतला आणि डोळे उघडले. जुन्या मेल्स त्याला वाचायला दिल्या, तर कुठे तारीखच नाही, कुठे विषयात देवनागरी अक्षरं एन्कोड न करता तशीच कोंबलेली आणि एकीत चक्क दोन 'फ्रॉम'! प्रोग्रॅम दर पाच मिनिटांनी आडवा.

रूममेट म्हणाला, "अरे, चालवून घे ना!"

हेच तत्त्व जॉन पोस्टेल यांनी १९८० साली मांडलं होतं: पाठवताना काटेकोर राहा, स्वीकारताना उदार. त्या उदारपणामुळेच तऱ्हेतऱ्हेची मशीन्स एकमेकांशी बोलू लागली, हे मान्य. पण चालवून घेतलं की चूक करणारा सुधारत नाही. त्याचं ओझं पुढच्या प्रत्येक प्रोग्रॅमरच्या डोक्यावर.

शिवाय प्रश्न नुसत्या गबाळेपणाचा नाही. २००८ च्या आरएफसी ५३२२ प्रमाणे मेलला 'फ्रॉम' हेडर एकच हवा. दोन आले, तर सर्व्हर एक तपासतो आणि क्लायंट दुसराच दाखवतो, असं होऊ शकतं. म्हणजे गेटपासवर दोन नावं; वॉचमनने वरचं तपासलं, रेक्टरसरांनी खालचं वाचलं. दोघांचंही काम चोख, पण आत शिरला भलताच! उद्या अशाच मेलने 'अकाउंट्स सेक्शन'च्या नावाने फी मागितली, तर पैसे आपल्या घरचे जाणार.

म्हणून माझं मत असं. तारीख नसेल तर सर्व्हरने मारलेल्या 'रिसीव्ह्ड'च्या शिक्क्यावरून घ्या. विषय बिघडला असेल तर तो यूटीएफ-८ म्हणून वाचून बघा. इथे अंदाज चुकला तरी कुणाचं फारसं बिघडत नाही. पण मेल कुणाची, याचा अंदाज क्लायंटने कधीच बांधू नये. शंका असेल तर मेल दाखवा, पण वर ठळक इशारा द्या.

आणि आपण स्वतः पाठवणारेही आहोत! गॅदरिंगच्या आमंत्रणाची स्क्रिप्ट लिहिताना स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडून हेडर बनवू नका, चांगली लायब्ररी वापरा. मराठी विषय कसा एन्कोड करायचा, हे आरएफसी २०४७ ने १९९६ सालीच सांगून ठेवलंय.

माझ्या प्रोग्रॅमने आता दोन 'फ्रॉम'वाली मेल उघडली की लाल पट्टी येते. रूममेटला ती खुपते. खुपू दे, त्यासाठीच आहे ती!