बी तुमचे, रान कोणाचे?



बियाण्यावर आपण या सदरात नेहमी बोलतो. आज एका निराळ्याच बियाण्याची गोष्ट ऐका.

अमेरिकेतील ओक्लाहोमा या शेतीप्रधान राज्यात १९१८ साली एका गरीब ख्रिस्ती उपदेशकाच्या घरी ओरल रॉबर्ट्स जन्मले. तरुणपणी क्षयातून उठले, ही देवाची कृपा मानून स्वतः उपदेशक झाले. आधी तंबूत सभा, मग टेलिव्हिजन. घरोघरी त्यांचा चेहरा पोहोचला.

त्यांची शिकवण शेतकऱ्याला चटकन पटेल अशी. देवाच्या कामाला दिलेले पैसे म्हणजे बी. पेराल तर देव कितीतरी पट पीक देईल. सामान्य घरांतून टपालाने पैसे येऊ लागले. त्यातून १९६३ साली टल्सा शहरात त्यांनी विद्यापीठ स्थापले, ते आजही चालू आहे. पण उपदेशकाच्या श्रीमंती राहणीवर टीकाही झाली.

पुढे साठ, तीस आणि वीस मजल्यांच्या तीन इमारतींचे भव्य रुग्णालय उभे राहिले. ते १९८१ साली उघडले. खर्च पेलेना. १९८७ च्या जानेवारीत रॉबर्ट्स म्हणाले, मार्चअखेर ऐंशी लाख डॉलर जमले नाहीत, तर देव मला आपल्याकडे बोलावून घेईल. देशभर गदारोळ झाला. पैसे जमले, त्यांतले तेरा लाख कुत्र्यांच्या शर्यतींच्या एका मालकाने दिले. तरीही १९८९ साली रुग्णालय बंद पडले. रॉबर्ट्स २००९ साली, एक्क्याण्णव वर्षांचे होऊन वारले.

आता आपल्या व्यवहाराने पाहा. बियाण्याच्या पिशवीवर लॉट नंबर असतो, उगवणशक्ती छापलेली असते. पावती, पिशवी आणि मूठभर बी जपून ठेवले, तर उगवण फसल्यावर दाद मागता येते. या बियाण्याला ना लेबल, ना पावती. बी तुमचे, पेरणी दुसऱ्याच्या रानात, आणि पीक आले नाही तर दोष तुमच्या श्रद्धेचा!

दानधर्म कोणत्याही धर्मात चांगलाच. उपाशी माणसाला भाकरी द्या, शाळेला वर्गणी द्या. पण दान हे दान म्हणून द्या, दामदुप्पट होईल म्हणून नको. जो परताव्याचे आमिष दाखवतो किंवा मुदत घालून भीती घालतो, त्याच्याकडे आधी हिशेब मागा. आणि घरातले पेरणीचे पैसे पेरणीलाच राहू द्या. पाऊस कोणासाठी थांबत नाही.