गाडी तुमची, कान गावाचे

पाऊस ओसरला की पुण्या-मुंबईचे बायकर्स कोकणाची वाट धरतात. कुणी ताम्हिणी उतरून येतं, कुणी कुंभार्ली. दापोली गाठायची आणि पुढे समुद्राच्या कडेने लाडघर, बुरोंडी, कोळथरे करत दाभोळपर्यंत जायचं. रस्ता झकास आहे, वळणं आहेत, बुरोंडीला परशुरामाच्या पुतळ्यापाशी गाडीसकट फोटो होतो. या भटकंतीला कुणाची हरकत असायचं कारण नाही. उलट तिच्यावर इथल्या खानावळी आणि घरगुती मुक्काम चालतात.

हरकत आहे ती गाडीच्या मागच्या नळीला. कंपनीचा सायलेन्सर काढून बसवलेली ती 'पुंगळी'. ती पाहुण्यांच्या गाडीला असते, तशी गावातल्या पोरांच्या गाडीलाही असते. त्यामुळे 'बाहेरचे येऊन त्रास देतात' एवढं म्हणून हात झटकता येणार नाहीत.

आता तुम्ही विचाराल, कायद्यात नेमकं काय आहे? कारण गॅरेजमध्ये एक सांगतात, मित्र दुसरंच सांगतो आणि पोलिसांनी अडवलं की तिसरंच ऐकायला मिळतं. तर सरळ सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२०वा नियम म्हणतो, प्रत्येक गाडीला सायलेन्सर हवाच आणि त्याने इंजिनाचा आवाज शक्य तितका कमी केला पाहिजे. १ एप्रिल २००५ पासून नव्या दुचाकींसाठी मर्यादा अशा आहेत: ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्यावर ८०. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं.

शिक्षेचं म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायदा कडक झालाय. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाजाचं आणि प्रदूषणाचं मानक मोडणारी गाडी रस्त्यावर चालवली तर पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने अपात्र. हे कलम गाडी 'चालवू देणाऱ्या'लाही लागतं. म्हणजे गाडी बाबांच्या नावावर असेल तर त्यांचंही नाव त्यात येऊ शकतं. प्रत्यक्षात रस्त्यावर फाटते ती पावती बहुतेकदा याहून कमी रकमेची असते, म्हणून अनेकांना हा गुन्हा किरकोळ वाटतो. कायद्याच्या लेखी तो किरकोळ नाही.

इथे एक नेहमीचा युक्तिवाद येतो: 'मी मोबाइलवर मोजलंय, माझी गाडी ८० च्या आत आहे.' भावा, ते मोजणं उपयोगाचं नाही. ८० ची मर्यादा ठरलेल्या चाचणीची आहे. मोकळ्या मैदानात, गाडीच्या मार्गापासून साडेसात मीटरवर मायक्रोफोन ठेवून, गाडी पूर्ण थ्रॉटलवर पुढून नेतात. उभ्या गाडीशेजारी अ‍ॅप धरून आलेला आकडा आणि हा आकडा यांचा मेळ बसत नाही. सायलेन्सरवरच्या 'ई' मार्कचंही तसंच. ती युरोपातल्या मंजुरीची खूण आहे, आपल्या आरटीओची परवानगी नव्हे. 'डीबी किलर' बसवलाय म्हणणाऱ्यांच्या बाबतीत एवढंच विचारायचं, तो नाका दिसल्यावरच का बसतो?

आता तेच साडेसात मीटर बुरोंडीत आणून पाहा. कोकणातल्या वाडीतला रस्ता अरुंद, दोन्हीकडे जांभ्याचे गडगे, आणि घराची पडवी कित्येकदा रस्त्यापासून तीन-चार मीटरवर. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने वाढतो. म्हणजे कंपनीच्या सायलेन्सरची, नियमात बसणारी मोठी बाइकसुद्धा पूर्ण थ्रॉटलवर गेली तर पडवीत ८६ च्या आसपास ऐकू येते. वर गडग्यांवरून आदळून येणारा आवाज वेगळाच. त्यात पुंगळीने आणखी दहा डेसिबल घातले तर? दहा डेसिबल म्हणजे दहापट ध्वनिऊर्जा, आणि कानाला जवळपास दुप्पट मोठा आवाज. निवासी भागात आवाजाची सरासरी पातळी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल असावी, असं २००० चे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात. ही मर्यादा परिसराची आहे, एका गाडीची नाही. पण शांतता किती अपेक्षित आहे, हे त्यावरून कळतं.

आणि बुरोंडी मच्छीमारांचं गाव आहे. समुद्रावर जाणाऱ्याची झोप आपल्या घड्याळाप्रमाणे चालत नाही. कुणी पहाटे होडी लोटतो, कुणी रात्रभर पाण्यावर राहून दुपारी आडवा होतो. तुमच्यासाठी ती वीकेंडची दुपार असते, त्याच्यासाठी ती रात्र असते. त्याच्या दारावरून एकदा 'फाट फाट' करत जाणं म्हणजे उद्याच्या कामाची झोप मोडणं. घरात तान्हं बाळ असेल किंवा आजारी माणूस असेल तर विचारूच नका.

मग फायदा काय होतो? ताकद वाढते म्हणतात. नुसता सायलेन्सर बदलून रोजच्या बाइकला जाणवेल अशी ताकद क्वचितच मिळते, त्यासाठी इंधनाचं गणितही बदलावं लागतं. तो 'फटाका' म्हणजे न जळलेलं पेट्रोल तापलेल्या नळीत पेटणं. पैसे तुमचेच जळतात. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर एक्झॉस्टमध्येच असतो. नळी बदलताना तोही गेला, तर आवाजाबरोबर धूरही वाढला. राहिलं सुरक्षिततेचं. आवाजाचा मोठा झोत मागे जातो, धोका मात्र बहुतेकदा समोरच्या वळणावर असतो. तिथे हेडलाइट, योग्य वेग आणि एक छोटा हॉर्न जास्त कामाचा.

'गणपतीत, लग्नात डीजे चालतो, मग आमचीच पुंगळी का खुपते?' हा सवाल तरुणांचा आहे आणि तो रास्त आहे. डीजेलाही तेच नियम लागतात आणि तिथे ते पाळले जात नाहीत, हे खरंच आहे. पण त्यावरून डीजे बंद करा अशी मागणी निघते, पुंगळी चालू द्या अशी नाही.

रायडर्सच्या बाजूनेही बोलायला हवं. आज कारवाई बरीचशी कानाच्या अंदाजाने होते, त्यात मूळ सायलेन्सरची मोठी बाइकही अडवली जाऊ शकते. पीयूसीमध्ये धूर तपासतात, आवाज नाही. शहरांत जप्त सायलेन्सरवर रोलर फिरवल्याचे फोटो छापून येतात, पण ते विकणारी दुकानं दुसऱ्या दिवशी उघडीच असतात. म्हणून सरकारकडे आपली मागणी स्पष्ट हवी. पीयूसीबरोबर उभ्या गाडीच्या आवाजाची साधी चाचणी सुरू करा. पोलिसांना मोजणारं यंत्र द्या. नियमात बसणाऱ्या सायलेन्सरला ओळखता येईल असा भारतीय शिक्का द्या, म्हणजे हौस असणाऱ्याला कायदेशीर वाट राहील. आणि दंड आधी विकणाऱ्याला लावा.

हे होईल तेव्हा होईल. तोवर बुरोंडीच्या वळणावर मीटर घेऊन कुणी उभं नसणार. म्हणून निघण्याआधी एकच तपासा: गाडीला कंपनीचाच सायलेन्सर आहे ना? काढून ठेवला असेल तर माळ्यावर असेल, या शनिवारी खाली काढा आणि परत बसवून घ्या. मग खुशाल या. वाडीतून जाताना थ्रॉटल सोडा, किनाऱ्यावर गाडी बंद करा. लाटांचा आवाज ऐकायलाच तर एवढ्या लांब आलात ना, राव?