बुरशी एक, पण वाण अनेक : गोळी घेण्याआधी तपासणी मागा

पावसाळा लागला की आमच्या चिपळूणच्या वस्त्यांत दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. लावणीला जाणाऱ्या बाया पायाच्या चिखल्या दाखवतात, धुणीभांडी करणाऱ्या बोटांच्या बेचक्यातली पांढरी, सोललेली कातडी दाखवतात. तिसरी तक्रार मात्र सगळ्या उठून गेल्यावर हळूच कानात सांगितली जाते, "ताई, अंगावरून पांढरं जातं, खाज थांबत नाही."

अशाच एका ताईने मला गोळ्यांची रिकामी पाकिटे दाखवली. मेडिकलवाल्याने दिलेली तीच बुरशीची गोळी तिने वर्षभरात पाच वेळा घेतली होती. दर वेळी पंधरा दिवस बरे वाटायचे, की पुन्हा सुरू. तिला वाटे, दोष आपल्या स्वच्छतेचा. मला वाटते, दोष न तपासता औषध देण्याचा.

या खाजेमागे बऱ्याचदा कॅन्डिडा नावाची बुरशी असते. ती यीस्टच्या जातकुळीतली. यीस्ट आपल्याला परके नाही. पाव फुगवते ते यीस्ट, माडी आंबवते तेही यीस्ट. कॅन्डिडा अनेक निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात, योनिमार्गात गुपचूप राहते. शंभरातल्या सुमारे पंचाहत्तर स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी तिचा त्रास होतो. त्यात लाज वाटण्यासारखे काहीच नाही.

मग ती एकीला छळते आणि दुसरीला का नाही? भाताचे उदाहरण घ्या. हळवा भात लवकर तयार होतो, गरवा उशिरा. दोन्ही भातच, पण वाण वेगळे, गुण वेगळे. बुरशीचेही तसेच आहे. कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी गोल पेशीच्या रूपात असते तेव्हा सहसा शांत असते. धाग्यासारखी लांब वाढली की ती त्वचेच्या आतल्या थरात घुसते आणि एक विष सोडते. त्या विषाचा शोध 2016 साली जाहीर झाला. पण काही वाण भराभर धागे काढतात, काही फारसे काढतच नाहीत. विषही कमीजास्त. शिवाय तिच्या भावकीतल्या काही बुरशा नेहमीच्या फ्लुकोनॅझोल गोळीला दादच देत नाहीत. नाव एकच 'बुरशी', म्हणून औषधही एकच चालेल असे नाही.

कॅन्डिडा ऑरिस या बुरशीचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. 2009 साली जपानमध्ये एका वृद्ध स्त्रीच्या कानात ती प्रथम सापडली. तिकडच्या वाणाचा त्रास बहुधा कानापुरताच राहतो. आपल्या दक्षिण आशियातला वाण मात्र अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या रक्तात शिरतो आणि बहुतेक वेळा फ्लुकोनॅझोलला जुमानत नाही. दिल्लीच्या डॉ. अनुराधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हीच बुरशी अंदमानच्या किनाऱ्यावर आणि खाऱ्या दलदलीत सापडली. हे संशोधन 2021 साली प्रसिद्ध झाले. दलदलीतला एक वाण औषधांना बळी पडणारा होता आणि अंगाच्या उष्णतेत सावकाश वाढत होता. बुरशी तीच, पण माणसाला आजारी पाडण्याची ताकद वेगळी. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्वांत घातक बुरशांच्या गटात ऑरिस आणि अल्बिकन्स या दोघींनाही घातले.

घाबरून जाऊ नका. धडधाकट माणसाला घरबसल्या ऑरिस सहसा होत नाही. पण मुंबई-पुण्याला अतिदक्षता विभागात नातेवाईक भेटायला जाल, तेव्हा आत जाताना आणि बाहेर येताना हात धुवा. ती बुरशी खाटेच्या कठड्यावरही टिकून राहते.

दोष सगळा बुरशीच्या वाणाचाही नसतो. जमीन तयार असेल तरच बी उगवते. रक्तातली साखर वाढलेली असेल, अँटिबायोटिकने अंगातले चांगले जंतू मेले असतील, गरोदरपण असेल, तर कॅन्डिडा माजते. त्या ताईची साखर तपासायला लावली, तर ती खूप वाढलेली निघाली. पाच वेळा गोळी दिली गेली, पण एकदाही साखर पाहिली गेली नव्हती!

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, वारंवार होणाऱ्या बुरशीवर अंदाजाने औषध देणे बंद झाले पाहिजे. वर्षात तीन-चार वेळा त्रास झाला तर दवाखान्यात जाऊन साखर तपासून घ्या आणि स्रावाचा नमुना तपासायला सांगा. गरोदर बाईने मनाने एकही गोळी घेऊ नये. स्टिरॉइड मिसळलेली मलमे खाज दाबतात आणि बुरशीला वाढू देतात, ती लावू नका. हात-पाय धुतल्यावर बेचक्या कोरड्या करा.

आणि एक मागणी आपण मिळून करायची आहे. रत्नागिरीत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नमुना घेऊन तो तिथे पाठवावा, कोणती बुरशी आहे आणि कोणते औषध लागू पडते हे मोफत कळवावे. महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा अर्ज लिहू या. पैसेवाल्याला खासगी लॅब आहे. धुणीभांडी करणाऱ्या बाईलाही आपल्या आजाराचे खरे नाव कळण्याचा तेवढाच हक्क आहे.