विचारण्यांत संकोच कसला?

अपत्यप्राप्तीसाठीं उपचार घेणाऱ्या एका भगिनीनें लिहिलें आहे : “पोट फुगलें, धाप लागली, डॉक्टर म्हणाले, ‘असें व्हावयाचेंच.’ ”

हें उत्तर पुरेसें नाहीं. बीजांडकोशांस उत्तेजन देणाऱ्या इंजेक्शनांनंतर पोट फुगणें, ओकाऱ्या, लघवी कमी होणें व धाप लागणें हीं अतिउत्तेजनाचीं लक्षणें असूं शकतात. अशा वेळीं तत्काळ तपासणी झालीच पाहिजे. यशाची शक्यता, खर्च व धोके आधीं समजावून लेखी संमति घेणें २०२१ च्या कायद्यानें चिकित्सालयांवर बंधनकारक केलें आहे.

वडीलधाऱ्यांनीं सुनेस ‘पाळणा केव्हां हलणार?’ असें विचारण्याऐवजीं तिच्याबरोबर जाऊन डॉक्टरांस हे प्रश्न विचारावे. चिरंजीवांचीहि तपासणी आरंभींच करवावी. नातवंडाची हौस रास्तच. पण सुनेच्या जिवाहून ती मोठी नव्हे.