न उघडणारा पत्रव्यवहार

लेखकाचा पत्रव्यवहार हे वाङ्मयेतिहासाचे महत्त्वाचे साधन, असे आपण वर्गात शिकवतो. जी. ए. कुलकर्णी यांची पत्रे ग्रंथरूपाने आली आणि त्यांच्या कथांकडे पाहण्याची एक निराळी वाट मिळाली. १९९५ साली भारतात इंटरनेट सर्वसामान्यांना खुले झाले. त्यानंतर संगणकावर लिहिल्या गेलेल्या पत्रांचे काय, हा प्रश्न मात्र आपण अजून नीट विचारलेला नाही.

'युडोरा' या ई-मेलच्या प्रोग्रॅमचे उदाहरण घेऊ. १९८८ साली इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी तो लिहिला. घरच्यांशी भांडून टपाल कचेरीत राहायला गेलेल्या बाईची कथा लिहिणाऱ्या युडोरा वेल्टी यांचे नाव त्यांनी त्याला दिले. क्वालकॉम कंपनीने २००६ साली तो पुढे न वाढवण्याचे जाहीर केले. त्याची विंडोजवरील शेवटची आवृत्ती आजच्या संगणकावरही थोड्या खटपटीने चालते. मॅकवरील आवृत्ती मात्र जुन्या पॉवरपीसी प्रोसेसरसाठी होती; २०११ च्या 'लायन'पासून ॲपलने अशा प्रोग्रॅमांचा आधार काढून घेतला आणि ती मुकी झाली.

युडोराची पत्रे साध्या मजकुराच्या फाइलींत असतात, मग जुना प्रोग्रॅम हवा कशाला, असा आक्षेप येईल. तो अर्धाच खरा आहे. पत्रासोबतचे जोडकागद युडोरा वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवी. कोणत्या पत्राला उत्तर गेले, ही नोंद आणखी वेगळ्या फाइलीत. मराठीची अडचण त्याहून मोठी. युडोराला युनिकोड कधीच नीट पेलले नाही. त्यामुळे त्या काळची मराठी रोमन लिपीत तरी असे, नाहीतर एखाद्या खासगी फाँटमध्ये. तो फाँट हरवला, तर फाइल उघडते, पण दिसतात निरर्थक रोमन अक्षरे.

अटलांटाच्या एमरी विद्यापीठाने सलमान रश्दी यांची कागदपत्रे २०१० साली अभ्यासकांना खुली केली, तेव्हा त्यांचा जुना मॅकिंटॉश नव्या यंत्रावर जसाच्या तसा उभा करून दाखवला. आपल्या विद्यापीठांनी आणि ग्रंथसंग्रहालयांनीही लेखकाची डिस्क प्रोग्रॅम व फाँटांसह अखंड स्वीकारावी. जुनी प्रणाली नव्या संगणकाच्या आत आभासी यंत्र म्हणून चालवावी. तिची सुरक्षाव्यवस्था कालबाह्य असल्याने ती इंटरनेटला जोडू नये. मजकुराची युनिकोड प्रत जरूर करावी, पण मूळ प्रत टाकू नये.

हे तंत्रज्ञांचे काम, असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. पेशवे दप्तर वाचणाऱ्याला मोडी यावी लागते, ही अट आपण जाचक मानत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरचा पत्रव्यवहार अभ्यासणाऱ्याला जुनी प्रणाली चालवता यावी, ही अटही त्याच जातीची आहे. फरक एवढाच की मोडीचे कागद शतकानुशतके वाट पाहू शकले. या डिस्का तितका धीर धरणार नाहीत.