जुना संगणक, नवे खेळ आणि घरचा जमाखर्च

व्यापारी घरांत संगणकाचा प्रवास बहुधा ठरलेला असतो. तो आधी पेढीवर येतो, सहा-सात वर्षे बिले, खतावणी आणि जी.एस.टी.ची विवरणपत्रे सांभाळतो, आणि पेढीवर नवे यंत्र आले की घरी मुलांच्या अभ्यासाच्या मेजावर विसावतो. तेथे त्याच्यापुढे निराळीच मागणी उभी राहते. महाविद्यालयात जाऊ लागलेल्या चिरंजिवांना त्यावर खेळ खेळायचे असतात. जो संगणक वर्षाचा ताळेबंद विनातक्रार काढून देत असे, तोच खेळ सुरू होताच अडखळू लागतो. मुलगा म्हणतो, नवा घ्या. वडील म्हणतात, चालतो आहे तो पुरे. या दोहोंच्या मध्ये तिसरा मार्ग आहे, तो जुन्या यंत्राच्या निवडक सुधारणेचा. मात्र हिशेब आधी मांडला तरच तो किफायतशीर ठरतो. नाहीतर थोडे थोडे करीत नव्या यंत्राएवढी रक्कम खर्ची पडते आणि हाती जुनेच यंत्र उरते.

वहीतील किंमत आणि कामाची किंमत

प्राप्तिकराच्या नियमांत संगणकासाठी घसाऱ्याचा दर ४० टक्के आहे. ४०,००० रुपयांचा संगणक या दराने पाच वर्षांनी वहीत सुमारे ३,११० रुपयांचा उरतो आणि आठ वर्षांनी अवघ्या ६७२ रुपयांचा. वहीने त्याला निकालात काढलेले असते. परंतु त्याची पेटी, मदरबोर्ड आणि प्रोसेसर अनेकदा उत्तम चालत असतात. तरीही अशा यंत्रावर केलेला प्रत्येक खर्च शहाणपणाचा असतोच असे नाही. येथे विचारायचा प्रश्न एकच आहे: आज घातलेला पैसा उद्याच्या नव्या संगणकात सोबत येईल, की या यंत्राबरोबरच मागे राहील?

एस.एस.डी., चांगला वीजपुरवठा संच, ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर हे सोबत येणारे भाग आहेत. नव्या संगणकात ते बसवता येतात. जुन्या पद्धतीची रॅम, जुन्या मदरबोर्डात बसणारा प्रोसेसर आणि मदरबोर्ड हे मागे राहणारे भाग होत. पहिल्या प्रकारातील खर्चाला भांडवली खर्च समजावे, दुसऱ्याला निव्वळ दुरुस्ती. दुरुस्तीवर हात आखडता घ्यावा, हा पेढीवरचा नियम येथेही लागू पडतो.

यंत्राचे वय आधी पाहावे

खर्चाचा विचार करण्यापूर्वी प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे, हे जाणून घेणे आवश्यक आहे. इंटेलच्या आय-५ या नावापुढे चार आकडी क्रमांक असल्यास त्यातील पहिला आकडा पिढी सांगतो. ४४६० म्हणजे चौथी पिढी, ८४०० म्हणजे आठवी. ही आठवी पिढी सध्या सीमारेषा ठरली आहे. विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ही प्रणाली इंटेलच्या बाबतीत अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासून पुढच्याच यंत्रांना स्वीकारते, शिवाय टी.पी.एम. २.० नावाची सुरक्षा व्यवस्थाही मागते. व्हॅलोरंटसारखा लोकप्रिय खेळ विंडोज ११ वर या व्यवस्थेशिवाय सुरूच होत नाही. आठव्या पिढीच्या बहुतेक यंत्रांत ही व्यवस्था मदरबोर्डातच असते, फक्त बंद ठेवलेली असते. जाणकाराकडून ती सेटिंगमध्ये सुरू करून घेतली की काम भागते. त्यासाठी नवा भाग विकत घेण्याचे कारण नाही.

यंत्र चौथ्या-पाचव्या पिढीचे असेल, तर त्यावर सोबत येणारे भाग सोडून काहीही खर्च करू नये. सहाव्या-सातव्या पिढीच्या यंत्रांबाबत आणखी एक सावधगिरी हवी. त्यांच्या आणि आठव्या पिढीच्या प्रोसेसरच्या खोबणीचे नाव एकच आहे, ११५१. परंतु जुन्या मदरबोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही. नाव सारखे पाहून सौदा करणाऱ्याचे पैसे येथे अडकतात.

बिनखर्चाची पाहणी

सुधारणेची पहिली पायरी पैशाशिवाय चढता येते. पेढीवरच्या यंत्रात वर्षांची धूळ बसलेली असते. पंखे आणि उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा स्वच्छ करावा, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप बदलून घ्यावा. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी गती कमी करतो, आणि ती मंदगती जुनेपणाच्या खात्यावर मांडली जाते.

त्यानंतर खेळ चालू असताना टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि ग्राफिक्स यांपैकी काय पूर्ण भरते आहे, ते पाहावे. डिस्क १०० टक्क्यांवर अडकली असेल, तर आजार डिस्कचा आहे. ग्राफिक्स पूर्ण भरले असून प्रोसेसर निवांत असेल, तर कार्डाची गरज आहे. प्रोसेसरच पूर्ण भरला असेल, तर महागडे कार्डही मोकळेच बसून राहील. आणखी एक सोपी कसोटी आहे: खेळाच्या सेटिंगमध्ये चित्राचे आकारमान कमी करून पाहावे. खेळ सुरळीत झाला, तर अडसर ग्राफिक्सचा. काहीच फरक पडला नाही, तर बहुधा प्रोसेसरचा. निदान झाल्याशिवाय औषध आणू नये, हे घरातील थोर मंडळी सांगतातच.

पैसा कोठे घालावा

समजा, २०१८ साली घेतलेले यंत्र आहे. आठव्या पिढीचा आय-५, ८ जी.बी. रॅम, १ टी.बी.ची हार्ड डिस्क आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, असे त्याचे स्वरूप आहे. येथे पहिला मान एस.एस.डी.ला द्यावा. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एक फेरा पूर्ण करण्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी असलेली नोंद समोर येण्यासाठी तिला सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, शिवाय वाचणारा दांडा हलवावा लागतो तो वेगळाच. एस.एस.डी.त फिरणारे काहीच नसल्याने ही प्रतीक्षा उरत नाही. त्यामुळे खेळाची चित्रे अधिक संख्येने दिसत नाहीत, हे खरे. परंतु संगणक सुरू होणे, खेळ उघडणे आणि मधले अडखळणे यांत लगेच फरक जाणवतो. घरातील इतर सर्व कामांनाही त्याचा लाभ मिळतो.

दुसरा क्रमांक रॅमचा. ८ जी.बी.ची एकच पट्टी असेल, तर तशीच दुसरी लावावी. १६ जी.बी. क्षमता मिळतेच, शिवाय दोन पट्ट्या जोडीने काम करतात आणि देवाणघेवाणीचा वेग वाढतो. वेगळे कार्ड नसलेल्या यंत्रात चित्रांचे कामही हीच रॅम करीत असल्याने तेथे हा लाभ अधिक दिसतो. डी.डी.आर.-३ ची पट्टी डी.डी.आर.-४ च्या खोबणीत बसत नाही, म्हणून जुन्या पट्टीचा तपशील कागदावर उतरवूनच दुकानात जावे. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढली. ज्या मालाचा भाव असा हलता आहे, त्याची खरेदी दोन-तीन ठिकाणी विचारपूस करूनच करावी.

तिसरा आणि सर्वांत मोठा खर्च ग्राफिक्स कार्डाचा. येथे वीजपुरवठ्याचा विचार कार्डाच्या आधी करावा. मदरबोर्डाची खोबण कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट वीज देते. २०१९ मध्ये आलेले जी.टी.एक्स. १६५० हे कार्ड ७५ वॉटचे आहे आणि त्याचे अनेक नमुने वेगळ्या तारेविना चालतात. २०२४ मध्ये आलेले ६ जी.बी.चे आर.टी.एक्स. ३०५० हे ७० वॉटचे आहे. जुन्या पेटीसाठी अशीच कार्डे सोयीची. याउलट आर.एक्स. ६४०० विजेला हलके असले तरी चारच मार्गिकांवर चालते. जुन्या मदरबोर्डावर त्या मार्गिकांचा वेग निम्मा होत असल्याने त्याची ताकद घटते. स्वस्त दिसणाऱ्या मालाचा असा तोटा पेटीवर छापलेला नसतो.

वीजपुरवठा संच निवडताना मोठ्या अक्षरांतील वॉटच्या आकड्यावर विसंबू नये. लेबलवर १२ व्होल्टपुढे किती अॅम्पियर लिहिले आहेत ते पाहावे आणि दोहोंचा गुणाकार करावा. ३६ अॅम्पियर असतील, तर ४३२ वॉट. १६ असतील, तर १९२ वॉटच, मग वर ४५० छापलेले का असेना. वर वर्णिलेल्या यंत्राला नामांकित कंपनीचा ४५० वॉटचा संच पुरेसा आहे. हलक्या संचात बिघाड झाला, तर तो मदरबोर्ड, कार्ड आणि डिस्क यांनाही सोबत घेऊन जाऊ शकतो. तेव्हा या एका भागात काटकसर करणे म्हणजे मालाचा विमा न उतरवता तो रवाना करणे होय. काही कंपन्यांच्या तयार संगणकांत पेटी अरुंद आणि विजेच्या जोडण्या निराळ्या असतात. अशा पेटीत सर्वसाधारण संच बसत नाही, आणि कार्डही बुटक्या आकाराचेच घ्यावे लागते. खरेदीपूर्वी पेटी उघडून पट्टीने मोजमाप घेणे उत्तम.

मॉनिटर जुना असेल, तर तो लगेच बदलू नये. १३६६ गुणिले ७६८ आकारमानाच्या पडद्यावर सुमारे साडेदहा लाख ठिपके असतात. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर वीस लाखांहून अधिक. जुना पडदा कार्डावरचा भार जवळपास निम्म्यावर ठेवतो. नव्या कार्डांवर जुन्या निळ्या व्ही.जी.ए. तारेची जागा नसते, म्हणून लहानसा रूपांतरक मात्र यादीत लिहून ठेवावा.

एकूण तरतूद रुपयांत ठरवून तिचे वाटे आधीच पाडावेत. समजा २५,००० रुपये ठरले, तर १५,००० कार्डासाठी, ३,५०० वीजपुरवठ्यासाठी आणि उरलेले ६,५०० एस.एस.डी. व रॅमसाठी. एका वाट्यातील भाव चढला, तर तो भाग पुढे ढकलावा, तरतूद वाढवू नये. सुधारणेचा खर्च नव्या तयार संगणकाच्या निम्म्यापलीकडे जाऊ लागला, तर थांबून नव्याचा विचार करावा.

हप्ता, बिल आणि जुना माल

‘विनाव्याज हप्ते’ हे शब्द तरुणांना मोह घालतात. शून्य टक्के व्याजाच्या योजनांविषयी रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना सावध केले होते. व्याज बहुधा आधी सवलतीच्या रूपाने वजा दाखवलेले असते. त्या व्याजावरील १८ टक्के जी.एस.टी. आणि प्रक्रिया शुल्क ग्राहकाकडूनच घेतले जाते. रोख भाव आणि हप्त्यांची सर्व बेरीज शेजारी शेजारी लिहिली की खरे चित्र दिसते.

दुसरा मोह वडीलधाऱ्यांचा आहे. संगणकाच्या भागांवर १८ टक्के जी.एस.टी. असतो, आणि बिल पेढीच्या क्रमांकावर घेतले तर तो परत मिळेल, असे सहज मनात येते. परंतु वैयक्तिक वापराच्या वस्तूंवरील कर जमा घेण्यास कायद्याच्या कलम १७(५) नुसार मज्जाव आहे. खेळाचे कार्ड पेढीच्या खर्चात दाखवून वाचणारी रक्कम दोन-तीन हजारांची. ती पाहून घरातील मुलगा हिशेबाविषयी जे शिकतो, त्याची किंमत याहून फार मोठी आहे. बिल घरच्याच नावाने घ्यावे आणि त्यावर भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा, कारण हमीचा दावा त्याच्याच आधारे होतो.

वापरलेले कार्ड घेण्यास हरकत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून दिल्लीच्या नेहरू प्लेसपर्यंत त्याचा व्यापार चालतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने आपली पद्धत बदलल्यावर खाणकामात अहोरात्र राबलेली असंख्य कार्डे बाजारात आली. म्हणून अर्धा तास पूर्ण भारावर चालवून, पंख्याचा आवाज ऐकून आणि उरलेली हमी तपासूनच पैसे द्यावेत.

खेळाचे यंत्र आणि बँकेचे व्यवहार

सर्वांत महत्त्वाची बाब खर्चाची नाही. पेढीवरून आलेल्या हार्ड डिस्कमध्ये ग्राहकांची खाती, बँकेचे तपशील, कधी पासवर्डसुद्धा असतात. फाइल पुसली म्हणजे ती नाहीशी झाली, असे होत नाही. साध्या साधनांनी ती पुन्हा मिळवता येते. तेव्हा जुनी डिस्क अदलाबदलीत दुकानदाराला देऊ नये. आवश्यक माहितीची प्रत काढून डिस्क घरातच कपाटात ठेवावी.

तसेच फुकट मिळणाऱ्या ‘क्रॅक’ खेळांना घरात थारा देऊ नये. असा खेळ बसवताना सुरक्षा व्यवस्था बंद करण्यास सांगितले जाते, आणि त्या उघड्या दारातून पासवर्ड चोरणारी प्रणाली आत येऊ शकते. त्याच संगणकावर रात्री पेढीचे नेट बँकिंग होत असेल, तर ६० रुपयांचा माल वाचवण्यासाठी तिजोरीची किल्ली बाहेर ठेवल्यासारखे होते. अधिकृत दुकानांतून वर्षभरात अनेकदा मोठ्या सवलतीत खेळ मिळतात. काही चांगले खेळ मोफतही असतात. खेळाच्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करूच नयेत, आणि विंडोज १० वर राहिलेल्या यंत्रावर तर मुळीच नाही.

हा सगळा हिशेब वडिलांनी एकट्याने न मांडता मुलाकडून मांडून घ्यावा. तरतूद वडिलांनी सांगावी. निदान, भावांची विचारपूस, वाट्यांची यादी आणि हमीचे कागद त्याने सांभाळावेत. दोन-तीन दुकानांत भाव विचारून आलेल्या मुलाला मालाची पारख, बिलाचे महत्त्व आणि ‘नाही’ म्हणण्याची वेळ या तिन्ही गोष्टी कळतात. पुढे पेढीवर बसताना त्या उपयोगी पडतील.